शाळेचा खर्च कोणी चालविला?

या अंकासाठी ‘स्त्रीशिक्षणाची वाटचाल’ या विषयावर लेख द्यावा असे चिटणीसबाईंनी सुचविले होते. त्या वाटचालीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. संस्थापकांची चरित्रे, शेणगोळ्यांचे प्रसंग, पहिल्या पदवीधर स्त्रियांचे फोटो हे सर्व आपण शाळेच्या पुस्तकांपासून पाहत आलो. पण त्या शाळांची जमाखर्चाची वही सहसा कोणी उघडीत नाही. मी चौतीस वर्षे एका अनुदानित कन्याशाळेत काढली. त्यांपैकी शेवटची अकरा वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर. त्या खुर्चीवर बसले की कवितेपेक्षा किर्द-खतावणीशी अधिक संबंध येतो. म्हणून वाटचाल तीच, पण ती मी वहीच्या बाजूने सांगणार आहे.

शाळेला दोन प्रकारचे खर्च असतात. एक पगाराचा. तो मोठा, ठळक, आणि त्याच्यावर सभा-संमेलनांतून बोलले जाते. दुसरा म्हणजे जुन्या कागदोपत्री ज्याला सादिलवार म्हणत तो खर्च : खडू, हजेरीपट, केरसुणी, माठ, फुटलेली कौले, दिव्याचे बिल, झाडणाऱ्याची मजुरी. घरातील मीठ-मिरचीसारखा. त्यावाचून स्वयंपाक अडतो, पण नवऱ्याला हिशेब देताना त्याची आठवण राहत नाही. सरकारने शाळांना पैसा दिला, कमी दिला, उशिरा दिला, हा इतिहास आहेच. परंतु जो पैसा सरकारने दिला तो बहुतेक पहिल्या खात्यावर, आणि दुसरे खाते दरवेळी कोणीतरी आपल्या पदरचे घालून भरले, हे मला त्या इतिहासात दिसते.

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत हा प्रश्नच नव्हता. ओसरी कोणाची तरी, पाटीवर धूळ, आणि पंतोजींना धान्य व सणावाराला शिधा. मुलींना तिथे प्रवेश नव्हता, त्यामुळे त्या शिध्याशी आपला संबंध फक्त तो सुपात घालून देण्यापुरता.

पेशवाईत विद्येसाठी सरकारी पैसा खर्च होत असे तो दक्षिणेच्या रूपाने. श्रावणात पुण्यास पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली राज्य गेले. पण ही प्रथा एकदम बंद केली तर लोक बिथरतील हे जाणून एल्फिन्स्टनने ती वर्षाला पन्नास हजार रुपयांवर आणून चालू ठेवली. त्याच फंडाच्या आधाराने १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळराव देशमुख आणि त्यांच्या विचाराच्या मंडळींनी अर्ज केला, की या पैशातील काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या मंडळींचा मोठा रोष झाला. अखेर दक्षिणा प्राइझ फंड निघालाच. आणि याच फंडातून पुढे, १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांना मासिक मदत मिळू लागली. पेशव्यांनी शास्त्रीबुवांसाठी काढलेले पैसे वळसे घेत घेत पेठेतल्या मुलींच्या पाटीपर्यंत आले! आपल्याकडे मुलींच्या शाळेला सरकारी पैसा मिळाल्याची इतकी जुनी आणि इतकी मौजेची हकीगत मला दुसरी ठाऊक नाही.

ही मदत मिळण्यापूर्वी शाळा कशी चालली ते पाहण्यासारखे आहे. नगरला मिस सिंथिया फरार यांची शाळा पाहून आल्यावर जोतीरावांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा काढली. घरातून बाहेर पडावे लागल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी मिशनच्या शाळेत शिकविले आणि आपली शाळाही सांभाळली. १८५१ आणि १८५२ मध्ये चिपळूणकरवाडा, रास्ता पेठ व वेताळ पेठ अशा तीन ठिकाणी मुलींच्या शाळा झाल्या आणि त्यांच्यासाठी कमिटी नेमली गेली. या कमिटीच्या अहवालात दोन गोष्टी आढळतात. पहिली, सावित्रीबाई वेतन न घेता हे काम करीत आहेत. दुसरी, शिक्षकांना देता येणारा पगार तुटपुंजा असल्यामुळे चांगले शिक्षक टिकत नाहीत, जास्त पगार मिळाला की सरकारी शाळेत निघून जातात. एकाच अहवालात ही दोन्ही वाक्ये असावीत यात सारे आले. पगार पुरत नाही म्हणून पंतोजी जात होते. आणि एक बाई बिनपगारी होती म्हणून शाळा उघडत होती.

१८५२ च्या नोव्हेंबरात त्याच विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला. सत्काराची हकीगत सर्व चरित्रांत आहे. त्यानंतर पाचच वर्षांत या शाळांचा पैसा आटला, हे मात्र ओझरते येते. १८५७ च्या उठावाने युरोपियन देणगीदारांनी हात आखडला, सरकारी पाठबळ ओसरले, कमिटीतही मतभेद झाले होते; १८५८ च्या सुमारास शाळा बंद पडल्या. शेणमातीने जी शाळा बंद पडली नाही ती वर्गण्या थांबल्यावर बंद पडली.

मुंबईस १८४९ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातील तरुणांनी आपल्या स्टुडंट्स सोसायटीच्या वतीने मुलींच्या शाळा काढल्या. दादाभाई नौरोजी त्यांत होते. या तरुणांनी आरंभी वेळ काढून फुकट शिकविले, आणि नाना शंकरशेट यांनी एका शाळेला जागा दिली. जागा फुकट, शिक्षक फुकट. तरच मुलींची शाळा! हा पायंडा तेव्हापासून पडला.

आता १८५४ चा वुड साहेबांचा खलिता. सर चार्ल्स वुड हे कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष. त्यांच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आपल्याकडे आणली. खाजगी शाळेने चांगले ऐहिक शिक्षण द्यावे, तिचे व्यवस्थापन जबाबदार लोकांच्या हाती असावे, सरकारी तपासनिसाला दार उघडावे, आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी घ्यावी. मग सरकार खर्चाचा काही भाग सोसेल. मुलींच्या शाळाही या मदतीस पात्र आहेत असे खलित्यात स्पष्ट म्हटले होते, आणि त्याबद्दल वुड साहेबांचे आभार मानले पाहिजेत. पण फीची अट मला कधीच पटली नाही. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, असा त्यामागचा विचार. मुलाच्या बाबतीत बाप फी देईल, कारण मुलगा पुढे कारकून होईल. मुलीसाठी आणा देताना मात्र तो शंभर वेळा विचार करील, आणि मग तिला घरी बसवील. हे कळायला फार विद्वत्ता लागत नव्हती.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखाते सुरू झाले. खाते आले, पैसा कोठून आणावयाचा? १८६३ पासून शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात आला. त्याचा एक तृतीयांश शाळांसाठी आणि बाकीचा रस्त्यांसाठी. म्हणजे शिक्षणासाठी पहिला मोठा कर दिला तो कुणब्याने. त्याच्या घरातील बाई नांगरामागे, खुरपणीला, मळणीला होती; त्या आण्यात तिचाही घाम होता. मात्र त्या काळी गावच्या शाळेत बसणारी मुले पाहिली तर कुणब्याची थोडी, आणि मुली जवळजवळ नाहीतच.

याच गोष्टीवर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी बोट ठेवले. शेतकरी कष्ट करून सरकारला पैसा देतो आणि सरकार तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळते, असा त्यांच्या निवेदनाचा रोख होता. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही त्यांची मागणी, आणि शिक्षकांना जगता येईल असा पगार द्यावा ही दुसरी. याच कमिशनपुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका तयार कराव्यात असे सांगून त्यांनी, शिक्षिकांना पुरुष शिक्षकांपेक्षा पगार अधिक असावा असेही निक्षून सांगितले. आजही कोणी सभेत असे म्हटले तर पुढच्या रांगेत खुसफूस होईल. त्या बाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. कमिशनने मुलींच्या शाळांना अनुदानाच्या अटी सौम्य असाव्यात अशी शिफारस केली. दोन वर्षांनी, १८८४ मध्ये, न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर या मंडळींच्या खटपटीने पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. तेच आपले हुजूरपागा.

या काळात मुंबई इलाख्यात अनुदान मिळे ते ‘निकालावर’. विलायतेत १८६२ मध्ये रॉबर्ट लो यांनी ही पद्धत काढली आणि लवकरच ती इकडे आली. दिपोटीसाहेबांनी वर्षातून एकदा यावयाचे, मुलांची विषयवार परीक्षा घ्यावयाची, आणि जितकी मुले उतरतील तितके पैसे शाळेस. वरून पाहता हिशेब चोख. आत काय घडे? शिक्षकाच्या पोटापाण्याची गाठ मुलाच्या पाढ्याशी. मंद मुलाला परीक्षेच्या दिवशी घरी ठेवण्याची युक्ती सुचणारच. मुलीला जास्त वेळ न देण्याचीही. कारण तीन वर्षांत लग्न होऊन जाणाऱ्या मुलीवर मेहनत घेऊन निकालाचे पैसे किती यावयाचे! विलायतेने ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टाकून दिली. आपल्याकडे लॉर्ड कर्झनच्या १९०४ च्या ठरावानंतर ती मोडीत निघाली. पुढे आमच्या काळात ‘निकाल अमुक टक्क्यांखाली गेला तर’ अशी परिपत्रके आली की मला हे जुने दिपोटी आठवत.

सरकारी मदत न घेता किंवा तिची वाट न पाहता शाळा चालविणारे दोन पुरुष महाराष्ट्राने पाहिले, आणि दोघांच्याही वहीत स्त्रियांचे हात दिसतात. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये पंधरा लाखांची देणगी जाहीर केली म्हणून ते उभे राहिले; कायद्याची मान्यता मिळावयास १९५१ साल उजाडले. पस्तीस वर्षे! त्या वर्षांत गावोगाव झोळी घेऊन फिरणे, पै-पैशाची पावती करणे चालूच. म्हातारपणी, १९३६ मध्ये, अण्णांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढून, जेथे सरकारची किंवा लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती अशा खेड्यांत शाळा काढल्या, आणि आपल्या तुटपुंज्या पेन्शनीतून त्यांना पैसे दिले.

दुसरे कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास आणली. बोर्डिंगातील मुलांना खावयास नसे तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडून मुले जेवविली. ही गोष्ट आपण इतकी ऐकली आहे की तिचा अर्थ बोथट झाला आहे. तिला त्याग म्हणून हात जोडण्यापूर्वी एकदा हिशेबाच्या भाषेत वाचावी : त्या दिवशी सातारच्या बोर्डिंगचा सादिलवार खर्च लक्ष्मीबाईंच्या स्त्रीधनातून झाला. लक्ष्मीबाई १९३० मध्ये वारल्या.

रयतने मुष्टिफंडही काढला. घरच्या बाईने रोजच्या दळणा-कांडणातून एक मूठ धान्य शाळेसाठी बाजूला ठेवावयाचे. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते. रोख पैसा बाईच्या हाती नव्हता, पण मूठ तिच्या हाती होती. घरधन्याला न विचारता ती जे देऊ शकत होती तेच तिच्याकडे मागितले. १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचे अनुदान थांबविले. पुढे ते पुन्हा सुरू झाले. पण मधल्या काळात शाळा उघड्या राहिल्या त्या लोकांच्या बळावर. मूठ देण्याची सवय लागलेल्या मुलखात हे शक्य झाले.

सक्तीच्या शिक्षणाची कथा थोडक्यात सांगते, कारण ती बहुतेकांना माहीत आहे. बडोद्यास सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत आरंभ करून १९०६-०७ मध्ये ती सर्व राज्यात नेली. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये हुकूम काढला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड. इंग्रज सरकारकडे मात्र नामदार गोखल्यांचे १९११ चे बिल १९१२ च्या मार्चमध्ये तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. कारण काय, तर पैसा नाही. त्या बिलातही सक्ती आधी मुलांना आणि मुलींना नंतर अशीच होती, हे गोखल्यांविषयी संपूर्ण आदर ठेवून नमूद करते. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्तीची मुभा मिळाली, १९२३ व १९४७ चे प्राथमिक शिक्षणाचे कायदे पाठोपाठ आले.

स्वातंत्र्यानंतर फीचा प्रश्न हळूहळू सुटत गेला. १९५९-६० च्या सुमारास बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिक दृष्ट्या मागास घरांतील मुलांना फी माफ झाली, तीच ई. बी. सी. सवलत, उत्पन्नाची मर्यादा पुढे वर्षाला बाराशे रुपये झाली. त्यापूर्वी नादारी म्हणजे वर्गात उभे राहून नाव ऐकणे असे. नादारीची मुलगी मान खाली घालून बसे. सवलत सर्रास झाली तशी ती मान वर आली, हे मी स्वतः पाहिले आहे. १९८० च्या दशकात मुलींची फी बारावीपर्यंत माफ झाली. १९९२ पासून सावित्रीबाईंच्या नावाने, दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त घरांतील पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीमागे दररोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. वर्षाच्या दोनशेवीस दिवसांचे दोनशेवीस रुपये. १९९२ मध्ये त्या रुपयाला काही अर्थ होता. एक वही येई. भाव वाढले, रुपया वर्षानुवर्षे रुपयाच राहिला.

फी माफ झाली याचा आनंद सर्वांना झाला आणि मलाही झाला. परंतु वहीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. फी आणि सत्र फी यांतूनच शाळेचा वरखर्च चाले. ती बंद झाली की तितकी भरपाई सरकारने करावयाची. पगाराचे अनुदान शंभर टक्के झाले, पगार संस्थेच्या हातून न येता वेतन पथकामार्फत बँकेत येऊ लागले, आणि शिक्षकांची कितीतरी दैन्ये संपली. कोऱ्या कागदावर सह्या घेण्याचे प्रकारही त्यामुळे थांबले. पण पगाराशिवायचे जे वेतनेतर अनुदान, ते २००४ पासून बंदच झाले. २०१३ पासून ते पुन्हा सुरू झाले ते वेतनाच्या पाच टक्के या दराने. मध्यंतरीच्या वर्षांत शाळांतून खडू संपले नाहीत, दिवेही लागत होते. मग ते कोणी आणले? आमच्या शाळेत फळे रंगवावयास रंग नसे तेव्हा बॅटरीतल्या जुन्या सेलची काळी पूड भिजवून शिक्षिका सुट्टीत फळे सारवीत. माजी विद्यार्थिनी पंखा देत. एका पालकबाईंनी सहा वर्षे शाळेला केरसुण्या पुरविल्या. त्या स्वतः शिंदीच्या केरसुण्या बांधून विकत. त्यांचे नाव देणगीदारांच्या संगमरवरी फलकावर नाही, कारण फलकावर नाव कोरण्याची किमान रक्कम ठरलेली होती.

याच सुमारास ‘कायम विनाअनुदान’ हा शब्द निघाला. २००१ नंतरच्या अशा शाळांतून हजारो तरुण मुलामुलींनी नाममात्र पैशावर शिकविले. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये गळला, आणि २०१६ मध्ये काही शाळांना वीस टक्के अनुदान मिळाले. सावित्रीबाईंनी बिनपगारी शिकविले ते आपल्या मनाने. यांच्यावर ते लादले गेले. दोहोंना एकच नाव देऊ नये.

आता आपल्या मंडळाच्या घरची गोष्ट. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण बोर्ड स्थापन झाले आणि स्त्रियांच्या संस्थांना बालवाड्यांसाठी अनुदाने मिळू लागली. त्याआधीच, १९४५ मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले होते; १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसोरीची साहित्ये विलायतेहून आणावीत तर खेड्याला परवडणार नाहीत. म्हणून ताराबाई व अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पाने, माती यांतून साहित्य केले, आणि मुले येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशभर निवडक ठिकाणी सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मेळघाटातील धारणीची निवड झाली. योजनेने अंगणवाडी उचलली, पण बाईंना पगार न ठेवता ‘मानधन’ ठेवले. मानधन या शब्दात मान आधी येतो आणि धन नंतर, तेही थोडे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीसेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, म्हणजे निदान निवृत्तीच्या दिवशी तरी त्या नोकरी करीत होत्या असे ठरले.

आपल्या मंडळाची बालवाडी अशाच एका अनुदानावर चाले. त्यातून शिक्षिकेचे मानधन निघे. खाऊ, खेळणी, जागेचे भाडे आणि पावसाळ्यातील ताडपत्री हे आपल्या संक्रांतीच्या तिळगुळाच्या आणि दिवाळीच्या चकल्यांच्या विक्रीतून. जुन्या वह्या कपाटात आहेत, ज्यांना पाहावयाच्या असतील त्यांनी पाहाव्यात. ‘चकली – निव्वळ शिल्लक’ अशी ओळ आणि तिच्याखालीच ‘ताडपत्री’ अशी ओळ जागोजाग दिसेल.

हे सर्व आज मांडण्याचे कारण आहे. पेठेच्या टोकाच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दुपारी कुलूप असते, हे आपल्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. बांधकाम चांगले आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला, २०१० च्या एप्रिलपासून अमलात आला, त्यात मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह हे मानकच आहे, आणि त्याप्रमाणे ते बांधले गेले. बांधणे एकदाच होते. झाडणे रोज असते. झाडण्यासाठी माणूस नाही, म्हणून घाण होते, म्हणून कुलूप. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि महिन्यातून तीन-चार दिवस येतच नाहीत.

या शाळेचा पट १६३ आहे. समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून शाळांना जे संयुक्त अनुदान ठरले, त्यात शंभराच्या वर आणि अडीचशेपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला पन्नास हजार रुपयांचा दर आहे. एका मुलामागे वर्षाला तीनशे सहा रुपये. त्यातून वीज, पाणी, खडू, नोंदवह्या, डागडुजी, सर्व. निदान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चावेत असा नियम. म्हणजे पाच हजार, म्हणजे महिना चारशे सोळा. एवढ्यात कोण बाई रोज दोन वेळा चार स्वच्छतागृहे धुईल, हे घर चालविणाऱ्या भगिनींना मी सांगावे असे नाही. आणि आपल्या घरपट्टीच्या बिलावर ‘शिक्षण कर’ अशी ओळ असते तीही एकदा चष्मा लावून पाहावी. १९६२ च्या कायद्यापासून तो कर आपण भरीत आहोत.

वर्धापनदिनाच्या सभेपुढे ठराव आहे, की मंडळाने एका सफाईसेविकेचे वर्षाचे वेतन द्यावे. काहींचे म्हणणे, द्यावे आणि पुण्य घ्यावे. काहींचे म्हणणे, हे सरकारचे काम, आपण का करावे? मी ठरावाच्या बाजूने आहे, कारण मुलींना वर्षभर थांबावयास सांगता येत नाही. पण माझी उपसूचना आहे. आपण दिलेला प्रत्येक पैसा शाळेच्या किर्दीत ‘देणगी’ म्हणून, महिना व कारणासह, मुख्याध्यापिकेच्या सहीने जमा व्हावा. आणि दर तिमाहीस त्याची नक्कल जोडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि वॉर्डाच्या नगरसेविकेकडे या पदासाठी कायम तरतूद मागणारा अर्ज जावा. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राची पावती झाली नव्हती, सेलच्या पुडीची आम्ही केली नाही, आणि चकलीची आहे ती आपल्याच कपाटात. त्यामुळे वरच्या कचेरीत या शाळा पन्नास हजारांत, पाच टक्क्यांत आरामात चालतात असे दिसते.

अर्जाचा मसुदा तयार आहे. सही करावयाची राहिलेल्या भगिनींनी बुधवारी दुपारी चार ते सहा या वेळात मंडळाच्या खोलीवर यावे. येताना शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आयांनाही आणावे, त्यांच्या सह्यांसाठी वेगळा कागद ठेवला आहे.